बोटीची तरतूद

बोलायला उभे राहिले की ते आधी माईकवर बोटानं टिचकी मारायचे आणि विचारायचे, "मागं ऐकू येतंय का?"

आमच्या नगरपालिकेच्या सभागृहाला मागं असं काही नव्हतंच. शेवटच्या रांगेतल्या सदस्याला शिंक आली की पहिल्या रांगेतला रुमाल शोधायचा, एवढंच ते सभागृह. तरी मागून कुणीतरी "येतंय, येतंय" म्हटल्याशिवाय त्यांना पुढचं वाक्य सुचत नसे. सवय धंद्याची होती. गावात लग्न असो, वास्तुशांत असो की कुणा मंत्र्याची सभा, मांडव त्यांचा, खुर्च्या त्यांच्या आणि कर्णेही त्यांचेच. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी माईक तपासून देणारा माणूस निवडून आला, स्वतः माईकपुढे उभा राहिला, तरी तपासायचं काही सुटेना. तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. हुद्दा बदलतो, हात जुनेच राहतात.

मी त्या नगरपालिकेत सभा विभागात लिपिक. राहायला कोल्हापुरात, नोकरी नदीकाठच्या या लहान गावात. सकाळची एसटी चुकली तर वडापच्या खच्चून भरलेल्या जीपमध्ये अंग चोरून बसायचं आणि सभागृहात पोचेपर्यंत साडी सरळ करत राहायची. काम एकच: सभेत कोण काय बोललं ते ऐकायचं आणि कार्यालयाच्या भाषेत उतरवायचं. त्यांच्या बाबतीत हे काम अवघड होतं. गटारीच्या कामावर ते एकदा म्हणाले होते, "हे काम केलंय का आमची थट्टा केलीया?" मी लिहिलं, 'सन्माननीय सदस्यांनी कामाच्या दर्जाबाबत नाराजी व्यक्त केली.' पुढच्या सभेआधी ते माझ्या टेबलाशी आले, कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला आणि म्हणाले, "ताई, मी एवढा शाना कवा झालो? घरी दाखवतो. बायकोला पटायचं न्हाय."

अंगानं आडवेतिडवे, आवाज मोकळा, सदऱ्याला कायम ताडपत्रीचा वास. खिशात सुतळीचे तुकडे असायचे. चर्चा लांबली की ते टेबलाखाली सुतळीला गाठी मारत आणि सोडवत बसायचे. सभा संपल्यावर शिपाई त्यांच्या खुर्चीखालून मूठभर सुतळी गोळा करायचा आणि म्हणायचा, आज विषय वादाचा होता वाटतं.

एक गोष्ट मात्र सगळं गाव जाणून होतं. ज्या घरी माणूस गेला त्या घरी त्यांचा टेम्पो न बोलावता जायचा. ताडपत्री बांधायची, खुर्च्या मांडायच्या, पाण्याचा पिंप ठेवायचा आणि पोरांनी मुकाट परत यायचं. त्याचं भाडं त्यांनी कधी घेतलं नाही. कुणी आभार मानायला गेलं तर चिडायचे. "सावली हाय ती. सावली काय विकायची?"

मांडवाच्या कापडाला ज्या झालरी असतात, त्या त्यांच्याकडे एकच बाई शिवायची. नदीकडे उतरणाऱ्या खालच्या गल्लीत तिचं घर होतं. वय पन्नाशीच्या आत, लग्न केलेलं नव्हतं, घरात अंथरुणाला खिळलेली आई. सगळे तिला अक्का म्हणायचे, तेही म्हणायचे, वयानं मोठे असून. त्यांनी नवं कापड आणलं की अक्का ते उजेडात धरून बघायची आणि गिऱ्हाइकांसमोर सुनावायची, हे कापड हाय का कांद्याची साल. ते निमूट ऐकून घ्यायचे. अख्ख्या सभागृहाला गप्प करणारा माणूस अक्काच्या दारात चप्पल काढून उभा असायचा, हे मी एकदा स्वतः पाहिलं आहे. ब्लाऊज शिवायला टाकायला मीही तिच्याकडेच जायची.

ते निवडून आले ते घरपट्टीच्या जोरावर. आपण सभागृहात असेपर्यंत घरपट्टी वाढू देणार नाही, असं त्यांनी चौकाचौकात स्वतःच्या कर्ण्यांवरून सांगितलं होतं. बरीच वर्षं त्यांनी ते पाळलंही. मग अंदाजपत्रक तपासणाऱ्या समितीचं सभापतिपद त्यांच्याकडे आलं, आणि त्याच वर्षी नगरपालिकेचं गणित फिसकटलं. वरून येणारं अनुदान घटलं होतं. पाणीयोजनेच्या पंपांचं वीजबिल वाढतच होतं. सफाई कामगारांचे पगार लांबत होते. मुख्याधिकारी नवे होते, तरुण होते, मृदू बोलायचे. त्यांनी सभेत सांगितलं की दोनच वाटा आहेत, घरपट्टी थोडी वाढवा, नाहीतर खर्च कापा.

यांनी टिचकी मारली, मागं ऐकू येतंय का विचारलं, आणि सांगितलं की एक पैसा वाढणार नाही, कापायचं काय ते मी दाखवतो.

त्या दिवशी त्यांनी खरंच सपासप कापलं. सत्कारांचे हारतुरे, सभेचा चहा-चिवडा, बागेतलं कारंजं, पदाधिकाऱ्यांच्या गाडीचं डिझेल. स्वतःच्या सभापतिपदाचा भत्ता तर पहिल्या झटक्यात. सभागृहात टाळ्या पडत होत्या. मग एक तरतूद आली: पुरासाठीच्या इंजिनच्या बोटी, त्यांची देखभाल, कंत्राटावरचा चालक आणि मेकॅनिक. नदी काही वर्षं काठातच राहिली होती. बोटी शेडमध्ये पडून होत्या.

ते म्हणाले, बोटीला पाणी लागून किती वर्षं झाली ते सांगा. कुणाला सांगता येईना. मग म्हणाले, कोरड्या बोटीला कशाला पगारी माणूस?

खालच्या गल्लीतून निवडून आलेल्या एक म्हाताऱ्या नगरसेविका होत्या. एरवी फारशा बोलत नसत. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "पाणी आलं तर आधी आमच्याकडं येतंय. तवा काय करायचं?"

"मी हाय की," ते म्हणाले. "गुऱ्हाळाची काहील घिऊन येतो. सगळ्यास्नी बसवून न्हेतो."

गुळाचा रस आटवायची ती भलीमोठी कढई आणि तीत बसलेले सभापती, हे चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आलं असणार. सभागृह हसलं. म्हाताऱ्या बाईही पदर तोंडाला लावून हसल्या. मुख्याधिकारी काहीतरी सांगत होते, ते त्या हसण्यात राहून गेलं. तरतूद एकमतानं वगळली गेली. संध्याकाळी एसटी स्टँडसमोर त्यांच्या फोटोचा फलक लागला. घरपट्टीवाढ रोखल्याबद्दल अभिनंदन.

मेकॅनिक हुपरीला कुणा पाहुण्याच्या चांदीच्या कारखान्यात कामाला लागला. बोटींच्या शेडला कुलूप लागलं.

त्याच पावसाळ्यात नदी आली.

ती कशी येते ते या भागातल्या माणसांना सांगायला नको. गगनबावड्याकडे दिवसचे दिवस पाऊस थांबत नाही, आणि आपल्याकडे साधी भुरभुर असताना पाणी पुलाला टेकतं. लोक काठावर जाऊन बघून येतात, घरी सांगतात, आहे अजून बेताचं. कोल्हापूरचा रस्ता बंद झाला आणि मी गावातच अडकले. कार्यालयातली आम्ही सगळी शाळेत उघडलेल्या छावणीत कामाला लागलो. आदल्या दिवशी खालच्या गल्लीतून बरेच लोक वर आले होते. अक्का आली नव्हती. आईला हलवणं कठीण होतं, आणि याआधी पाणी कधी तिच्या उंबऱ्याच्या वर चढलं नव्हतं. ते स्वतः तिला आणायला गेले होते. तिनं नाही म्हटल्यावर, पाणी वाढलं तर मी हाय, एवढं सांगून परत आले.

सकाळी गल्लीच्या तोंडाशी छातीएवढं पाणी होतं आणि ते वाढत होतं. त्यांचा टेम्पो आला. त्यात गोदामातली पिंपं होती, बांबू होते, दोर होते, आणि मागच्या बाजूला खरोखरीची काहील होती. ती पाहून त्या दिवशी कुणी हसलं नाही. त्यांनी आणि त्यांच्या पोरांनी पिंपं बांबूंना बांधून तराफा केला. एवढ्या वर्षांत त्यांचे हात इतके भराभर चालताना मी पाहिले नव्हते. दुपारपर्यंत त्यांनी कितीतरी माणसं काढली. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, एक शेळी. एकानं टीव्ही आणला होता छातीशी धरून. त्याला ते म्हणाले, टीव्ही पवायला शिकंल, आधी तुझ्या म्हातारीला घे. पाण्यात उभ्या असलेल्या लोकांनाही त्यावर थोडं हसू आलं.

मग फक्त गल्लीचा शेवट राहिला. तिथं ओढ्याचं पाणी आडवं घुसत होतं आणि त्याला ओढ होती. अक्कानं आईला माळ्यावर चढवलं होतं. कसं चढवलं असेल ते तिचं तिला ठाऊक. कौलं काढून तिनं जागा केली होती आणि त्यातून तिचं डोकं आणि एक हात दिसत होता.

त्यांच्याकडे बॅटरीवरचा हातातला कर्णा होता. तो तोंडाला लावून ते ओरडले, "अक्का, ऐकू येतंय का?"

"येतंय," ती म्हणाली. पाण्यावरून तो आवाज अगदी जवळून आल्यासारखा आला.

"आई?"

"हाय. निजलीया."

"तिथंच ऱ्हावा. आलो."

तराफा त्या ओढीत टिकेना. पहिल्या खेपेला तो भिंतीवर आदळला आणि एक पोरगा पाण्यात पडला. त्याला केसांना धरून वर ओढलं. दुसऱ्या खेपेला दोर तुटला. तोवर कुणीतरी शेडचं कुलूप फोडून बोट ट्रॉलीवर घालून आणली. इंजिनची दोरी ओढली. ते खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा ओढली. आळीपाळीनं सगळ्यांनी ओढली, हाताची सालं निघाली. आत तेल साकळलं होतं, उंदरांनी नळी कुरतडली होती. वल्ह्यांवर नेऊ म्हटलं तर ओढ्यानं बोट फिरवून आमच्याकडेच परत आणून टाकली. बचाव पथक नदीच्या खालच्या गावांत अडकलं होतं. निघालंय, येतंय, असे निरोप येत होते.

ते कर्णा सोडत नव्हते. अक्काशी बोलत राहिले. तिला धीर सुटू नये म्हणून बोलत असतील, किंवा स्वतःला. गणपतीच्या मांडवाला यंदा कुठला रंग घ्यायचा, ते विचारत होते. निळा घेऊ का भगवा? अक्का म्हणाली, निळा घ्या, पण कापड जरा बरं आणा. काठावरच्या सगळ्यांनी ते ऐकलं.

मातीची भिंत पाण्यात बसते तेव्हा फार मोठा आवाज होत नाही. कौलं एका बाजूनं खाली गेली, थोडी धूळ उडाली, एवढ्या पाण्यात धूळ कशी उडाली कुणास ठाऊक, आणि मग तिथं सपाट पाणी होतं.

त्यांनी कर्णा पुन्हा तोंडाला लावला आणि विचारलं, "अक्का, ऐकू येतंय का?"

थोडं थांबून पुन्हा विचारलं. मग त्यांच्या एका पोरानं येऊन त्यांच्या हातातून कर्णा काढून घेतला.

बचाव पथकाची बोट त्यानंतर थोड्या वेळानं आली. तिचं इंजिन चांगलं होतं. ओढ्याच्या ओढीतून ती सरळ पलीकडे गेली, जिथं घर होतं तिथं पोचली, आणि शोधत राहिली.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काही दिसलं नसतं. पाणी उतरलं. चिखल निघाला. त्यांना कुणी दोष दिला नाही. उलट सगळं गाव म्हणत होतं, ते नसते तर आणखी किती गेले असते. पुरात काम केलेल्यांचा नगरपालिकेनं सत्कार ठेवला आणि पहिलं नाव त्यांचं होतं. ते आले. शाल घेतली. दोन शब्द बोला म्हटल्यावर माईकपुढे उभे राहिले. टिचकी मारली नाही. मागं ऐकू येतंय का, हे विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "बोट मी कापलेली." आणि खाली उतरले.

लोकांना वाटलं, मोठा माणूस आहे, नम्रपणे बोलला. टाळ्या वाजल्या. मला त्या टाळ्या अजून आठवतात.

त्यानंतर एका दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. काम काही नव्हतं. मी चहा मागवला, तो निवून गेला. मी सहज म्हटलं की हल्ली सभेत तुम्ही माईक तपासत नाही. ते दाराकडे बघत म्हणाले, "इचारलं की उत्तर येतंय, ताई."

मला आधी कळलं नाही. उत्तर यायचंच, मी म्हटलं, मागचे सदस्य देतात.

"त्यांचं न्हवं. तिचं. येतंय म्हणती. तवा म्हणाली तसंच." त्यांनी हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले होते. "म्हणून इचारत न्हाय."

मी निवलेला चहा उचलून दुसरा मागवला.

लग्नाच्या मांडवांत माईक तपासायला ते पुतण्याला पाठवू लागले. स्वतः रस्त्यावर टेम्पोपाशी थांबायचे. गोदामात अक्काच्या हातच्या झालरींचे गठ्ठे होते. पुतण्याला सगळं कापड नवं घ्यायचं होतं, गिऱ्हाइकं जुनं बघून नाकं मुरडत होती. ते जुनं वापरू देत नव्हते आणि टाकूही देत नव्हते. पुतण्या एकदा मला म्हणाला की काका दुपारी गोदामात जाऊन त्या गठ्ठ्यांशेजारी खुर्ची टाकून बसतात. झोपतात का, मी विचारलं. नाही, तो म्हणाला, ऐकत बसल्यासारखे बसतात.

पुढच्या अंदाजपत्रकाची सभा आली. मुख्याधिकाऱ्यांनी पुन्हा घरपट्टीवाढीचा प्रस्ताव ठेवला होता, आणि तो पुन्हा फेटाळला जाणार असं धरूनच सगळे आले होते. निवडणूक तोंडावर होती. ते उठले आणि म्हणाले, वाढवा.

सभागृहात इतका गोंधळ झाला, की मला कुणाचं काय लिहावं कळेना. त्यांच्याच गटाचे लोक त्यांना खाली बसा म्हणत होते. ते बसले नाहीत. बोटी नव्या घ्यायच्या, चालक आणि मेकॅनिक कायमचे ठेवायचे, आणि त्यासाठी घरपट्टी वाढवायची, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. गोंधळ थांबेना तेव्हा खालच्या गल्लीच्या त्या म्हाताऱ्या नगरसेविका उभ्या राहिल्या. सगळे गप्प झाले, कारण त्यांना बोलायचा हक्क आहे असं सगळ्यांनाच वाटत होतं.

"आमच्यासाठी करतासा का सोत्तासाठी?" बाईंनी विचारलं.

त्यांनी विचार केला. खरंच विचार केला, उत्तर शोधून काढल्यासारखा.

"सोत्तासाठी," ते म्हणाले. "पर बोट तुमच्यापाशी ऱ्हाईल."

सभा तहकूब झाली. पुढचे काही आठवडे ते घरोघर फिरले. घरपट्टी वाढवू द्या म्हणून हात जोडत फिरणारा नगरसेवक मी तरी पहिल्यांदाच पाहत होते. लोकांनी त्यांना चहा दिला, खुर्ची दिली, आणि पट्टी मात्र वाढवू नका म्हणून सांगितलं. वरच्या आळीत एकानं सुनावलं की पाणी आमच्याकडे येत नाही, मग आम्ही का भरायचं. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी म्हणे कप स्वतः मोरीवर नेऊन ठेवला आणि निघाले. दोन दिवसांनी त्याच माणसाकडे पुन्हा गेले.

तहकूब सभा भरली तेव्हा हात वर करून मतं घेतली. वाढ त्यांनी मागितली होती त्याहून कमी, पण मंजूर झाली, अगदी काठावर. म्हाताऱ्या बाईंनी हात सगळ्यांत शेवटी वर केला. त्या माझ्या समोरच बसल्या होत्या. हात वर करताना त्या त्यांच्याकडे बघत नव्हत्या, खिडकीबाहेर बघत होत्या.

निवडणुकीत ते पडले, आणि चांगलेच पडले. विरोधकांनी त्यांचं नाव 'पट्टीवाले' पाडलं होतं. प्रचाराच्या रिक्षा गल्लीगल्लीतून त्यांच्याविरुद्ध ओरडत फिरत होत्या, आणि त्या रिक्षांवरचे कर्णे त्यांच्याच दुकानातून भाड्यानं गेलेले होते. पुतण्या चिडून कर्णे परत आणायला निघाला, तर त्यांनी अडवलं. "आवाज बरा लागलाय का बघ फकस्त," म्हणाले. "खरखर नगं."

नवं सभागृह आलं. वाढवलेली घरपट्टी नव्या सदस्यांनी कमी केली नाही. ती आधीच्यांनी वाढवली असं मात्र सगळीकडे सांगितलं. त्या पैशातून नवी बोट आली आणि घाटावर फीत कापायचा कार्यक्रम ठरला. आमंत्रणपत्रिकेवर त्यांचं नाव नव्हतं. मांडवाचं काम त्यांच्या दुकानाला मिळालं होतं, एवढंच. भाषणं चालू असताना ते मागं आपल्या पोरांमध्ये उभे होते. पांगापांग झाल्यावर पायऱ्या उतरून बोटीपाशी गेले आणि चालकाला म्हणाले, चालू करून दाव. त्यानं एका झटक्यात इंजिन चालू केलं. ते ऐकत उभे राहिले. चालक बंद करायला गेला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे जरा." काठावर माणसं खुर्च्या गोळा करत होती, मांडव सुटत होता, आणि ते पाण्याच्या कडेला त्या आवाजात उभे होते. ते पाठमोरे असल्यानं त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

त्यानंतर ते बायकोला घेऊन नेसरीला मुलीकडे राहायला गेले. धंदा पुतण्याकडे. मी गडहिंग्लजला एका लग्नाला गेले होते तेव्हा वाट वाकडी करून त्यांना भेटायला गेले. ते खूप वाळले होते. मुलीनं शेंगा भाजून आणल्या. ते एकेक शेंग फोडून दाणे माझ्यापुढे ठेवत होते, आणि कार्यालयातल्या सगळ्यांची नावं घेऊन चौकशी करत होते. मुलगी आत गेल्यावर मी धीर करून म्हटलं की इथं बरं, नदी लांब आहे.

"इथंबी येतंय," ते म्हणाले. मी काय विचारलं ते त्यांना बरोबर कळलं होतं. "दुपारचं येतंय. आदी भ्या वाटायचं. आता न्हाय वाटत." मग शेंगांची टरफलं एका बाजूला सारत म्हणाले, "एक दिस आलं न्हाय, तर जेवाण गेलं न्हाय."

निघताना ते दारापर्यंत आले. वळणावरून मागं पाहिलं तर उभेच होते. पण मान माझ्याकडे नव्हती. कुणीतरी आतून हाक मारल्यासारखी ती थोडी वळलेली होती.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत, असं मुलीनं फोनवर सांगितलं.

या पावसाळ्यात पाणी पुन्हा खालच्या गल्लीत शिरलं. सकाळीच बोट निघाली, आणि छावणीच्या कामासाठी मी तीत होते. इंजिन कुठंही अडलं नाही. एका बाळंतिणीला आम्ही पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून उतरवून घेतलं. तिनं बाळाला दुपट्यात गुंडाळलं होतं आणि दुपटं भिजू नये म्हणून ती सारखी सरकत होती. त्यांचं नाव कुणी काढलं नाही. चालक नवा होता, त्याला ते ठाऊक असायचं कारणही नव्हतं.

गल्लीच्या शेवटाला, दोन घरांमध्ये मोकळी जागा आहे. तिथं नुसतं पाणी होतं, गढूळ आणि सपाट, त्यावर एक निळं प्लॅस्टिकचं टमरेल तरंगत होतं. तिथं पोचायच्या आधीच चालकानं इंजिन बंद केलं आणि ते वर उचलून घेतलं.

मी विचारलं, काय झालं?

"खाली जोतं हाय एका घराचं," तो म्हणाला. "पंख्याचं पातं अडकंल."

ओढ्याला अजून ओढ आली नव्हती, त्यानं वल्हं घेतलं. बाळही त्या वेळी झोपलं होतं. आम्ही त्या जोत्यावरून हळूहळू पलीकडे गेलो, आणि बोटीच्या बुडाला खालून काहीतरी हलकेच घासून गेलं.